रात्रीच्या पाळीला माणसे हवीत, आणि पैसेही

सप्रेम नमस्कार.

आमच्या भजनी मंडळाचा पखवाजवादक पोटासाठी म्हापसा स्टँडवर मोटारसायकल पायलट म्हणून, म्हणजे मोटारसायकलवरून भाडे नेण्याचा, धंदा करायचा. जूनमध्ये शेवटचे भाडे सोडून घरी येताना वळणावर बसलेल्या गुरांवर आदळून तो पडला. अंधार होता, वर पाऊस. हेल्मेट डोक्यावर होते म्हणून वाचला. १०८ने त्याला आधी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि तिथून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साकळून सूज वाढत चालली होती, त्यामुळे त्याच रात्री ऑपरेशन झाले. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून तो त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला आहे. सूज पुरती उतरली की तो पुन्हा बसवायचा. श्रावण लागताना त्याला घरी सोडले.

घरी आई, पत्नी (आमच्या वहिनी) आणि दहावीतली मुलगी. कमावणारा तोच. वहिनी स्वयंसाहाय्य गटातर्फे शाळेच्या माध्यान्ह आहाराचे काम करायच्या, तेही आता सुटले.

लोक पहिल्यांदा विचारतात, ऑपरेशनला किती लागले? गोमंतकीयाला गोमेकॉत फारसा खर्च येत नाही, शिवाय त्याच्याकडे राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. तेव्हा इस्पितळाचे देणे काही नाही. खर्च सुरू झाला तो घरी आणल्यावर, आणि घरच्या शुश्रूषेला हे कार्ड चालत नाही.

दुसरा प्रश्न विम्याचा. समोर दुसरे वाहन नव्हते, त्यामुळे कोणाकडून भरपाई मागायची सोय नाही. गाडीच्या मालक-चालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघाती कवच असते, पण ते मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यावरचे. आज दावा करायचा म्हणजे हा माणूस आता उठणार नाही असे कागदावर आणायचे. डॉक्टर एवढ्यात तसे लिहून देत नाहीत, आणि वहिनींना ते ऐकायचेही नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक मदतीसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो आणि तो प्रकृती स्थिरावल्याशिवाय मिळत नाही. वहिनींचे गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे महिना १५०० रुपये तेवढे चालू आहेत.

त्या घरात दिवस कसा जातो ते थोडे सांगायला हवे. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे. तिच्यात कफ साचला की घरघर ऐकू येते. मग वहिनी हात धुतात, हातमोजे घालतात, मशीन चालू करून बारीक नळी आत सोडतात आणि काही सेकंदांत बाहेर काढतात. हे त्या वॉर्डातल्या नर्सकडून शिकल्या. नाकातल्या नळीतून गाळलेली पेज, नाचणीचे तिजण, डाळीचे पाणी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या भरून यायला महिने जातात. डाव्या बाजूला हाड नाही, तिकडे डोके दाबले जाणार नाही एवढे सांभाळायचे. मुलीने जुन्या वहीत रकाने आखले आहेत : वेळ, कूस, पेज किती, ताप किती. रात्री दोन आणि चारच्या नोंदी बहुतेक वहिनींच्याच अक्षरात आहेत.

तो डोळे उघडतो. कधी आवाजाच्या दिशेने बघतो, कधी नाही. उजवी बाजू लुळी आहे. भजन ऐकून त्याची बोटे पखवाजासारखी हलली, अशी बातमी वाड्यावर पसरली आहे. हात तसाही अधूनमधून हलतो, तेव्हा कृपा करून कोणी आईला जाऊन भलती आशा लावू नये. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त वेगाने होते, पुढेही होत राहते, पण किती होईल हे डॉक्टरही आज सांगत नाहीत. म्हणूनच फिजिओथेरपीत खंड पडता कामा नये. सांधे एकदा आखडले की नंतर शुद्ध येऊनही हात कामाचा राहत नाही.

फिजिओथेरपिस्ट डिचोलीहून आठवड्यातून तीनदा येतात, खेपेला ५०० रुपये. फिट येऊ नये म्हणूनची औषधे, डायपर, नळ्या आणि हातमोजे धरून महिन्याचा खर्च २५ हजारांच्या घरात जातो, त्यात घरखर्च आलेला नाही. निदान सहा महिने तरी हा भार आपण सर्वांनी उचलावा, अशी विनंती आहे. कफ ओढायचे मशीन विजेवर चालते आणि आपल्याकडे पावसात वीज कशी असते ते वेगळे सांगायला नको. त्यामुळे इन्व्हर्टर सर्वात आधी हवा. कोणी जुना पण चांगल्या बॅटरीचा दिला तरी चालेल. डोक्याकडून वर होणारी खाट, हवेची गादी, व्हीलचेअर यांतले काही तुमच्या घरी पडून असेल तर वापरायला द्या. काम झाले की स्वच्छ करून परत करू.

स्टँडवरच्या पायलटांनी एका दिवसाची कमाई दिली आहे. यंदा चवथीला घरोघरी होणाऱ्या भजनांची मंडळाची सगळी बिदागीही याच कामी जाईल.

पण पैशाइतकीच रात्रीची माणसे हवीत. सप्ताहात आपण चोवीस तासांचे पहारे वाटून घेतो आणि रात्री तीनलाही देवळात टाळ थांबत नाही. तसेच इथे रात्री दहा ते पहाटे सहा, दोघादोघांच्या दोन पाळ्या लावायच्या आहेत. कूस बदलायची, वहीत नोंद करायची, घरघर वाढली तर वहिनींना उठवायचे. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई दोन संध्याकाळी सगळे दाखवणार आहेत. सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये. दिवसा बघायला येणाऱ्यांनी पाच-दहा मिनिटांवर बसू नये, आणि "मला ओळखलेस का?" हे त्याला विचारू नये.

मदत मंडळाच्या बचत खात्यात किंवा मंडळाच्या नावे धनादेशाने द्यावी. खात्याचा तपशील देवळाच्या सूचनाफलकावर लावला आहे. रोख रक्कम सायंकाळच्या आरतीनंतर खजिनदारांकडे देऊन पावती घ्यावी. घरोघरी फिरून वर्गणी गोळा करायला आम्ही कोणालाही पाठवलेले नाही. जमाखर्च दर महिन्याला त्याच फलकावर लागेल. कुटुंबाच्या इच्छेनुसार त्याचे नाव आणि अंथरुणावरचा फोटो कुठेही टाकलेला नाही, तुम्हीही टाकू नये.

पाळीसाठी नावे रविवारी भजनानंतर सभामंडपात लिहून घेऊ. पहिली पाळी सोमवारपासून.

आपले नम्र,
भजनी मंडळाचे पदाधिकारी व समस्त वाडेकर
डिचोली तालुका, गोवा