तापाच्या पुडीवर औषधाचं नाव हवं

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या चोपडा तालुक्यात घरोघर खोकला सुरू होतो. सर्दी-तापासाठी मजुरी बुडवून डॉक्टरकडे कुणी जात नाही. माणूस मेडिकलवर जातो, "अंग दुखतंय, ताप आहे" म्हणतो आणि कागदाच्या पुडीत गोळ्या घेऊन येतो. रात्री-बेरात्री तेच दुकान उघडं असतं, हेही खरं.

परवा शेजारच्या काकूंनी अशी पुडी माझ्यासमोर उघडली. नावाचा भाग कापून गेलेले पट्टीचे दोन तुकडे, एक सुटी पिवळी गोळी, एक इवलीशी पांढरी. काकूंना मधुमेह आहे. ती पांढरी गोळी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची असेल तर त्यांची साखर झपाट्याने वाढणार. पण आहे की नाही, हे नर्स म्हणून नोकरी केलेल्या मलाही सांगता येईना.

या स्टेरॉइडने ताप पटकन उतरतो, म्हणून लोक तीच पुडी पुन्हा मागतात. करोनात 2020 साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक तर चालतच नाही.

पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे, पण मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नको. तापाच्या गोळीत तेच, सर्दीच्या गोळीतही तेच. नाव नसेल तर दुप्पट पोटात जातं आणि यकृताला इजा होते. ताप डेंग्यूचा निघाला तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड ही ताप-दुखीची गोळी 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे. बिननावाच्या पुडीत ती बंदी आई पाळणार कशी?

चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक देऊ नये, हा नियम आहेच. तपासणी मात्र जळगाव-धुळ्याच्या शहरांपुरती राहू नये. ती यावल-रावेरच्या गावांत, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजारातही व्हावी. आणि सुट्या गोळ्यांच्या प्रत्येक पुडीवर औषधाचं नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं ते मराठीत लिहिणं सक्तीचं करा. कार्बनच्या बिलापेक्षा त्याला जास्त वेळ लागणार नाही.

यंदाची वेचणी सुरू होण्याआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. चोपडा, जि. जळगाव