हिप्पोक्रेटिस आणि तापातली पेज

महोदय,

‘तापात उपाशी ठेवा’ हे वचन प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्याच्या परंपरेतला तीव्र आजारांच्या पथ्यावरचा ग्रीक ग्रंथ मात्र जवाच्या पेजेवर भर देतो. जव उत्तम, शिजवणे भरपूर. दोन वेळ जेवणाऱ्याला पेज दोनदा. एकदाच जेवणाऱ्याला पहिल्या दिवशी एकदा, मग गरजेनुसार हळूहळू वाढवायची. कोठा भरलेला असेल किंवा बरगडीत दुखत असेल, तर आधी ते निस्तरायचे. ग्रंथकाराचा खरा राग आहे तो रोग्याला दोन-तीन दिवस कोरडा ठेवून एकदम पेज पाजणाऱ्या वैद्यांवर: अचानक बदल शरीराला झेपत नाही. आहार अगदी हलका करायचा तो रोग ऐन भरात असताना, असे त्याच परंपरेतला सूत्रसंग्रह सांगतो.

— वैद्यकेतिहासाचा एक अभ्यासक