दाताची पाठ पण छापा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी पुरवणीत एका वाचकाला सापडलेल्या काळ्या दाताचा फोटो छापलात आणि खाली कॅप्शन दिलीत, "महाकाय मेगॅलोडॉनचा दात", म्हणजे कधीच नामशेष झालेल्या त्या अवाढव्य शार्कचा. आधी आनंदच झाला, आमच्या या येडपट छंदाला पेपरात जागा देतं कोण, पण मग भिंग घेऊन फोटोवर वाकलो आणि राहवेना. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, नऊ-दहा वर्षं शार्कचे फॉसिल दात जमवतोय आणि चुकत चुकत थोडंफार कळायला लागलंय एवढंच.

माझी मुख्य तक्रार ही की तुम्ही दाताची फक्त पुढची बाजू दाखवलीत, म्हणजे शार्कच्या ओठाकडची, जी बरीचशी सपाट असते. मेगॅलोडॉन ओळखायचा तर दात उलटा करायला लागतो. मागच्या, जिभेकडच्या फुगीर बाजूला वरचं चकचकीत पातं आणि खालचं खरखरीत मूळ यांच्या मधे व्ही आकाराचा एक पट्टा असतो, बहुतेक वेळा पात्यापेक्षा गडद आणि जरा मळकट दिसणारा, कलेक्टर लोक त्याला बूरलेट म्हणतात. टॉर्च आडवा धरून तिरका उजेड टाकला की पट्ट्याची कड लगेच उठून दिसते. कधी कधी त्याचा वरचा थर उडालेला असतो पण जागा तरी कळतेच. पांढऱ्या शार्कच्या, म्हणजे ग्रेट व्हाइटच्या दाताला असा पट्टा नसतो, पातं संपलं की थेट मूळ. आता हीच बाजू फोटोत नाही तर कॅप्शन लिहिणाऱ्याला मेगॅलोडॉन कसा काय कळला बुवा?

दुसरं म्हणजे कड. मेगॅलोडॉनच्या कडेला करवत असते पण बारीक आणि एकसारखी, नख फिरवलं तर खर्रर असं सलग जातं. ग्रेट व्हाइटची करवत जाड आणि कमीजास्त, नख अडकत अडकत जातं. तुमच्या फोटोत तर मला भिंगाशिवाय करवतीचे दाते मोजता आले आणि तेही एक लहान एक मोठा असे. शिवाय दात पातळ वाटतोय. माझा अंदाज ग्रेट व्हाइट, पण अंदाजच, कारण पाठ बघितल्याशिवाय मी पण छातीठोक सांगणार नाही.

फोटोसोबतचं "काळा आहे म्हणजे कोट्यवधी वर्षं जुना" हे वाक्य मात्र काढूनच टाका. रंग वयावर नसतो हो, दात ज्या गाळात पडून राहिला त्यातल्या खनिजांवर असतो, म्हणून एकाच जातीचे दात एका ठिकाणी काळेकुट्ट, दुसरीकडे राखाडी, मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणीतले पिवळसर असं होतं. साईजचं पण तेच. मेगॅलोडॉनचे मोठ्यात मोठे दात १८ सेंमीच्या आसपास जातात हे खरं, पण त्याच जबड्यात कोपऱ्यात बारके दातही असतात, आणि पिल्लांचे तर असतातच की. तुम्ही दात तळहातावर ठेवून फोटो काढलाय, तो तळहात बाप्याचा का शाळकरी पोराचा हे कसं कळणार, शेजारी एक पट्टी ठेवायला काय झालं होतं.

मी स्वतः काय दिवे लावलेत ते पण सांगतो. माझ्याकडे दोन डब्या होत्या, एकीत रुंद, वाकडे, कडेला मोठमोठे दाते असलेले पण टोकाजवळ करवत थांबलेली असे दात, दुसरीत बारीक, लांब, सुळ्यासारखे. पहिलीवर लेबल हेमिप्रिस्टिस, दुसरीवर सँड टायगर, म्हणजे दोन वेगवेगळे शार्क. दोन वर्षं मी हे लोकांना कौतुकाने दाखवत होतो, मग एका जाणत्याने दुसऱ्या डबीतले निम्मे दात उचलून पहिलीत टाकले आणि म्हणाला हे त्याच शार्कचे खालच्या जबड्यातले आहेत. वरचे चिरायला, खालचे पकडायला! तेव्हापासून जात सांगायच्या आधी वरचा का खालचा, पुढचा का कडेचा हे बघतो, आणि कळलं नाही तर लेबलवर नुसतं "शार्क" लिहून गप्प बसतो.

यात लाज वाटायचं काही नाही कारण मोठ्या लोकांचीही नावं बदलत असतात. मेगॅलोडॉनला आधी ग्रेट व्हाइटच्याच कुळात धरायचे, आता बहुतेक जण ओटोडस नावाच्या नामशेष शार्कांच्या गटात टाकतात. २०१२ साली पेरूमधल्या फॉसिलवरून एक जात जाहीर झाली, तिच्या दातांची करवत नुकती कुठे फुटायला लागलेली, म्हणजे ग्रेट व्हाइट आला बिनकरवतीच्या, माको शार्कसारख्या दातांच्या पूर्वजांकडून, मेगॅलोडॉनकडून नाही. आणि त्याच्याही कितीतरी आधी हे दात म्हणजे सापांच्या दगड झालेल्या जिभा असं युरोपात लोक मानत होते, विषावर उतारा म्हणून जवळ बाळगत होते. स्टेनो या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाने १६६६ मध्ये इटलीतल्या लिव्होर्नोजवळ पकडलेल्या शार्कचं अख्खं डोकं समोर ठेवून दात ताडून पाहिले तेव्हा कुठे त्याला सांगता आलं की या जिभा म्हणजे शार्कचेच दात. आपण मोबाइलवर एक फोटो बघतो आणि नाव ठोकून देतो.

तर पुढच्या वेळी दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी आणि दात कुठल्या थरात सापडला ते, एवढं छापा. थर कळला तर निम्मं काम तिथेच होतं, कारण मेगॅलोडॉन सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी संपला, त्याहून अलीकडच्या थरातला दात असेल तर विषयच मिटतो, अर्थात जुन्या थरातून वाहून आलेला नसेल तर. आणि तो वाचक तुमच्या संपर्कात असेल तर दात उलटा करून एक फोटो मागवा. पट्टा निघाला तर मी याच सदरात जाहीर माफी मागतो, पण त्यासाठी आत्तापासून जागा अडवून ठेवू नका.

आपला,
एक दातवेडा वाचक