डोळे दिपले म्हणून नजर जात नाही

संपादक महोदय,

रात्री गेलेली वीज परत आली, ट्यूबलाइट भक्कन पेटली, की घरातले कोणीतरी ओरडतेच, ‘डोळे मिटा, नजर जाईल!’ मे महिन्यात अंधाऱ्या खोलीतून सोलापूरच्या उन्हात पाऊल टाकतानाही हीच धास्ती असते. तिला आधार नाही. अंधारात बाहुली ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, उजेड पडताच सेकंदाच्या आत आकसू लागते आणि २-३ मिलिमीटरवर येते. डोळ्याच्या आतल्या पडद्यातले (रेटिनातले) अंधारात काम करणारे रंगद्रव्य उजेडाने फिके पडते. ते पूर्ववत व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून दिवे गेल्यावर आधी काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू दिसू लागते. यात भाजत काही नाही, साठूनही काही राहत नाही. सिद्धेश्वर यात्रेतले शोभेचे दारूकाम लांबून पाहिल्यानेही नजर कमी होत नाही. ठिणगी डोळ्यात उडाली तर गोष्ट वेगळी.

खरी इजा करणारा प्रकाश पुष्कळदा त्या वेळी जाणवतही नाही. वेल्डिंगचेच घ्या. गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नुसता टॅक (छोटा कच्चा जोड) मारायचा म्हणून डोळ्यांपुढे धरायची काळी काच बाजूला ठेवली जाते, आणि अँगल धरून उभ्या असलेल्या हेल्परच्या हातात तर काच नसतेच. अतिनील किरणांनी बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा वरचा थर भाजतो, पण कळते सहा ते बारा तासांनी, ऐन मध्यरात्री. डोळ्यात वाळू भरल्यासारखे टोचते, पाण्याच्या धारा लागतात. थंड पाण्याची पट्टी, डोळे ओले ठेवणारे साधे ड्रॉप, चोळणे बंद. बहुतेकांना दोन दिवसांत आराम पडतो. न पडल्यास डॉक्टर गाठावा. दुकानातून बधिर करणारे ड्रॉप आणून पुन्हा पुन्हा घालणे मात्र घातक आहे: ठणका थांबतो, जखम भरत नाही आणि पटलावर कायमचा डाग राहू शकतो. आर्क वेल्डिंगला १० ते १३ नंबरची काच लागते, काळा गॉगल पुरत नाही.

मिरवणुकीतला लेझर त्याहून वाईट. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटच्या आतल्या पॉइंटरपासून वाचायला तेवढे पुरते, मिरवणुकीतल्या जोरदार झोतापासून नाही. डोळ्यातले भिंग तो झोत पडद्यावर एका टिंबाएवढ्या जागी एकवटते, आणि पडद्याला वेदनेच्या नसाच नसतात. त्याच झोताने मोबाइलच्या कॅमेऱ्यात कायमची रेघ उमटते, हे अनेकांनी पाहिले असेल. शंका आल्यास चौकटीची वही वाचनाच्या अंतरावर धरून एकेक डोळा झाकून पाहावे. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर त्याच दिवशी पडदा तपासून घ्यावा. सूर्याकडे टक लावून पाहिल्यानेही असाच डाग पडतो. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण भारतातून खंडग्रास दिसेल, तेव्हा एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच घरातच राहू द्यावी.

रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट निघून गेल्यावरही मिनिटभर रस्ता दिसत नसेल, तर मात्र उजेडाला दोष न देता मोतीबिंदू, पडदा आणि रक्तातली साखर तपासावी. पडदा तपासताना बाहुली मोठी करणारे ड्रॉप घालतात, त्यानंतर चार-सहा तास उजेड टोचतो. त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत येऊ नये.

– एक नेत्रतज्ज्ञ, सोलापूर