एक्स-रे स्वच्छ, म्हणून निर्धास्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील मनगटदुखीवरचा लेख वाचला. लेखक डॉक्टर आहेत, शैली प्रसन्न आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि ‘एक्स-रे स्वच्छ आला की निर्धास्त व्हा आणि रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम सुरू करा’ हा जो सल्ला त्यांनी चौकटीत ठळक टाइपात दिला आहे, तो वाचून माझ्या बहिणीने पुरवणी घडी घालून माझ्यापुढे ठेवली आणि ‘आता तूच लिही’ म्हणाली. नेमका हाच सल्ला तिच्या मुलाला मिळाला होता, आणि त्याने तो इमानेइतबारे पाळलाही होता.

माझा भाचा लेथवर काम करत असे. वय तिशीच्या आत. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला, मधल्या बोटाच्या रेषेत, नुसते बोट टेकवले तरी तो कळवळायचा, आणि लेथवर काम पकडून ठेवणाऱ्या चकची किल्ली आवळताना मुठीतला जोरच निघून जायचा. पडल्याचे किंवा मार लागल्याचे काही आठवत नव्हते. एका नावाजलेल्या रुग्णालयात एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही, तेव्हा ‘मुरगळले असेल’ असे सांगून क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या आणि चेंडू यांवर त्याची बोळवण झाली. दुखणे हटेना म्हणून पुन्हा गेला, तर ‘कामाचा कंटाळा तर नाही ना आला?’ अशी विचारणा झाली, तीही आईसमोर. ज्या हाताला विश्रांती हवी होती, तो हात त्यामुळे दिवसा लेथवर आणि रात्री चेंडूवर राबत राहिला. पुढे दुसऱ्या शहरातील हाताच्या शल्यविशारदांनी एमआरआय करवला, तेव्हा मनगटातल्या ल्युनेट नावाच्या छोट्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते निर्जीव झाल्याचे कळले. तोवर साध्या एक्स-रेतही ते शेजारच्या हाडांपेक्षा पांढरे पडलेले आणि चेपू लागलेले दिसत होते.

हा काही काल-परवा उपटलेला आजार नव्हे. व्हिएन्नाचे क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट किनबॉक यांनी त्याचे वर्णन १९१० साली केले असून आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सुरुवातीच्या अवस्थेत एक्स-रे निर्दोष असतो आणि बिघाड एमआरआयमध्येच दिसतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांना ठाऊक असते. आपल्या लेखकांनी मोबाइलच्या अतिवापरावर दोन रकाने खर्च केले. या हाडासाठी त्यांना एक ओळही सापडू नये, याचे नवल वाटते.

‘लवकर कळून तरी काय फरक पडतो?’ असे कोणी विचारील, म्हणून सांगतो. सुरुवातीला प्लास्टर घालून हाताला सक्तीची विश्रांती देता येते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचे अल्ना आखूड असेल, तर मनगटावरचा भार ल्युनेटवर अधिक येतो (अशी ठेवण या रुग्णांत जास्त आढळते, हे स्वीडनचे डॉक्टर हुल्टेन यांनी १९२८ मध्ये दाखवले होते), आणि अशा वेळी रेडियस हे दुसरे हाड दोन-तीन मिलिमीटरने आखूड करून प्लेट बसवतात. ‘दुखतंय मनगट आणि कापायचं चांगलं हाड?’ असे माझ्या बहिणीने विचारले, तेव्हा त्या डॉक्टरांनी एक्स-रेवर पट्टी ठेवून दोन हाडांच्या टोकांतला फरक तिला मोजून दाखवला. रक्तवाहिनीसह हाडाचा तुकडा आणून बसवण्याचाही एक मार्ग असतो. मात्र ल्युनेट पुरते ढासळून सांधा झिजला, की मनगटातल्या ल्युनेटच्या रांगेतली तीन हाडे काढून टाकणे किंवा मनगट कायमचे सांधून टाकणे, असेच पर्याय उरतात. भाच्याची रेडियस आखूड करता आली. वेदना बरीच कमी झाली, पण मनगट पूर्वीसारखे वाकत नाही. कंपनीने त्याला तपासणीच्या टेबलावर बसवले आणि ओव्हरटाइम गेला.

मनगटातल्याच, अंगठ्याच्या बाजूच्या स्कॅफॉइड या हाडाचीही गत फार वेगळी नाही. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते. म्हणून दुचाकीवरून पडून ते मधोमध मोडले, तर कोपराकडचा तुकडा निर्जीव होण्याचा धोका असतो, आणि हे फ्रॅक्चरही पहिल्या एक्स-रेत अनेकदा निसटते. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा, एवढे तरी लिहायचे!

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या पोटाशी आपण सांधेदुखीवरच्या ‘रामबाण’ तेलाची पाव पानाची जाहिरात छापली आहे. हा निव्वळ योगायोग असेल, असे मी सौजन्य म्हणून मानतो.

आपण खुलासा छापणार असाल, तर तो त्याच पुरवणीत, त्याच चौकटीत, तितक्याच ठळक टाइपात यावा. आतल्या पानाच्या तळाशी, निविदा सूचनांच्या खाली नव्हे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर