यशया 53 आणि तुझे सर

नगर, रविवार रात्र

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

इस्रायलहून आलेलं तुझं पत्र आई मोठ्यानं वाचत होती. ‘कोर्स अर्धवट सोडून घरी येऊ का’ या ओळीपाशी ती थांबली आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणून उत्तर मी लिहितोय.

तू लिहिलंस ते असं. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा त्रेपन्नावा अध्याय शिकवताना तुझे यहुदी सर म्हणाले की दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल लोक. तू उठून म्हणालीस, नाही, तो आमचा प्रभू. सर रागावले नाहीत. ‘पुढचं वचन हिब्रूत वाच’ एवढंच म्हणाले. तू दोन शब्दांवर अडखळलीस, वर्ग गप्प राहिला आणि त्या रात्री तू रडलीस.

बाळा, त्या अध्यायावर मी तीस-एक गुड फ्रायडेंना बोललो आहे आणि देवानं ठेवलं तर पुढच्या वर्षीही बोलेन. माझा विश्वास तुझ्यापेक्षा वेगळा नाही. पण सरांनी तुझ्याकडून काहीही हिरावून घेतलेलं नाही. त्यांनी सांगितलेला अर्थ तुला खिजवायला काढलेला नाही, तो फार जुना आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं लिहून ठेवलंय की यहुदी विद्वानांनी त्याला हाच अर्थ सांगितला होता. पुढे फ्रान्समधल्या राशी या यहुदी भाष्यकारानंही तोच लावला. राशी 1105 साली वारला. त्याच्या हयातीत, 1096 मध्ये, पहिल्या क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, निघालेल्या जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या गावांत यहुद्यांच्या कत्तली केल्या. मारणाऱ्यांच्या अंगावर क्रूस होता. ‘वधावयास नेले जाणाऱ्या कोकरासारखा’ हे वचन त्या काळातल्या यहुदी माणसाला आपल्याच लोकांविषयी वाटलं असेल, तर मला त्याच्याशी भांडवत नाही. तुझे सर हे सगळं पाठीशी घेऊन वर्गात उभे राहतात आणि समोर बसलेल्या ख्रिस्ती मुलांना काना-मात्रेसकट हिब्रू शिकवतात. याचा विचार तू केलास का?

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. पहिल्या नेमणुकीवर मी पनवेलला होतो. शेजारी एक निवृत्त मास्तर राहत, बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. शनिवारी बेथ एल सिनेगॉगला जायचे आणि बाकीचे सहा दिवस गल्लीतल्या पोरांची गणितं तपासायचे. एकदा नाताळच्या उपासनेला मीच त्यांना आग्रहानं बोलावलं. त्या दिवशी मी उपदेशात येशूच्या काळातल्या परुशी या यहुदी पंथाविषयी म्हणालो, ‘परुशी म्हणजे ढोंगी, आतून मेलेले लोक.’ सेमिनरीत मला तेवढंच कळलं होतं. मास्तर शेवटपर्यंत बसले, केक खाल्ला, मंडळींशी हात मिळवले. संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, ‘पाळकसाहेब, आमचे रब्बी त्या परुश्यांचेच वारस. तुम्ही आमच्या आजोबांना ढोंगी म्हणालात.’ आवाज चढवला नाही. मग त्यांनी हिल्लेल या यहुदी गुरूची गोष्ट सांगितली. कुणी तरी हिल्लेलला म्हणालं, मी एका पायावर उभा राहतो, तेवढ्या वेळात सगळं नियमशास्त्र शिकव. हिल्लेल म्हणाला, ‘तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस. हेच सगळं शास्त्र, बाकी त्याचं विवरण. जा आणि शीक.’ हिल्लेल आपल्या प्रभूच्या एक पिढी आधीचा. डोंगरावरचं प्रवचन मी शेकडो वेळा वाचलं होतं, पण ते कुणाशी चाललेल्या संवादातलं बोलणं आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

पुढं दोन वर्षं मी त्यांच्याकडे हिब्रू शिकलो. परीक्षेपुरतं येत होतं, ते जिभेवर बसवलं त्यांनी. मी फीचा विषय काढला तर हात जोडायचे.

त्यांनीच मला सांगितलं की जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं 1832 मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं, बेने इस्राएल मुलांसाठी. म्हणजे मराठी यहुद्यांना हिब्रू व्याकरण एका ख्रिस्ती माणसानं शिकवलं आणि दीडशे वर्षांनी त्यांच्यातल्याच एका मास्तरांनी ते मराठी ख्रिस्ती पाळकाला शिकवलं. विल्सनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, मास्तरांचा काहीच नव्हता. मला मास्तर मोठे वाटतात.

तू जिथं आहेस तिथं तर ही रीत सोळाशे वर्षांची आहे. जेरोम हा ख्रिस्ती पंडित 386 मध्ये बेथलेहेमला येऊन राहिला. तोही परदेशीच. जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणायचा तर शिकवणार कोण? बारानिनास नावाचा एक यहुदी शिक्षक त्याच्याकडे रात्रीचा यायचा, कारण आपल्या लोकांना कळलं तर काय, ही त्याला भीती. जेरोमनं त्याला, येशूकडे रात्री आलेल्या निकदेमाची उपमा दिली आहे. आणि जेरोमचा जुना मित्र रुफिनस त्या शिक्षकाला टोमण्यानं बरब्बा म्हणायचा, म्हणजे येशूऐवजी सोडलेला तो गुन्हेगार! दोन्हीकडून बोल खाऊन त्या माणसानं शिकवलं. ईयोबाच्या पुस्तकासाठी जेरोमनं लुद्द गावचा दुसरा एक विद्वान बराच पैसा देऊन बोलावला. चर्चनं हजार वर्षं वापरलेलं लॅटिन बायबल या शिकवण्यांतून उभं राहिलं. तरी जेरोमनं यहुद्यांविषयी कडवट लिहायचं सोडलं नाही, हे मला त्याला माफ करता येत नाही. ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांनाच शब्दांनी मारायचं?

आजचे शिक्षक दिवसाढवळ्या शिकवतात. हिब्रू विद्यापीठातले डेव्हिड फ्लुसर धर्म पाळणारे यहुदी होते आणि जन्मभर येशूचा काळ शिकवत राहिले. देशोदेशीचे ख्रिस्ती विद्यार्थी त्यांच्यासमोर बसले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि विद्यार्थ्यांनी यहुदी व्हावं असंही त्यांनी म्हटलं नाही. गॅब्रिएल बर्के यांनी 1979 मध्ये हिन्नोमच्या खोऱ्याकाठच्या थडग्यांत चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या शोधल्या. त्या उलगडायलाच काही वर्षं गेली. आत अक्षरं निघाली ती ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो’ याची, मृत समुद्राकाठी सापडलेल्या बायबलच्या जुन्या गुंडाळ्यांहून सुमारे चारशे वर्षं जुनी. दर रविवारी उपासना संपताना मी हात वर करून जे म्हणायचो, ते कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी गळ्यात घालत होतं. त्या गुंडाळ्या तिथल्याच इस्रायल म्युझियममध्ये आहेत. अजून पाहिल्या नसतील तर या आठवड्यात जा.

तुझ्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग पावसाचा. आपल्या मराठी बायबलात ‘आगोटीचा व वळवाचा पाऊस’ आहे. नगरच्या माणसाला त्यातून मृगाआधीचे ढगच दिसतात. मीही तसंच समजत आलो. तिथं पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यावर पेरणी. शेवटचा मार्च-एप्रिलात, तो दाणा भरायला. जून ते सप्टेंबर आभाळ कोरडं. सरांनी तुम्हाला भेगाळलेल्या जमिनीवर उभं करून ते वचन वाचून घेतलं, हे वाचून मला तुझा हेवा वाटला. तसंच येशूच्या दाखल्यातल्या लुटल्या गेलेल्या माणसाचं ‘यरुशलेमहून यरीहोस खाली जात होता’. मी त्या ‘खाली’कडे कधी पाहिलंच नव्हतं. पंचवीस-एक किलोमीटरांत हजार मीटर उतार! म्हणजे घाट उतरणं, आणि ओसाड घाटात एकटा माणूस लुटला जातो हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. हे मला तिथल्या सरांनी तुझ्याकरवी शिकवलं.

आणखी एक. तिथले म्हणजे फक्त यहुदी नव्हेत. बेथलेहेम बायबल कॉलेज 1979 मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी सुरू केलं. बायबलात इस्राएलला दिलेल्या जमिनीच्या वचनांचा अर्थ ते तुझ्या सरांपेक्षा फार वेगळा सांगतील आणि त्यांच्या घरांच्या, शेतांच्या गोष्टीही सांगतील. वाट मोकळी आणि सुरक्षित असेल त्या दिवशी तिकडेही जाऊन बस. तिथं इकडची बाजू मांडू नकोस आणि इकडे तिकडची. वही उघडी ठेव.

तर कोर्स सोडायचा नाही. उद्या सरांकडे जा. वादाबद्दल माफी मागायची गरज नाही, तू मनातलं बोललीस. फक्त म्हण, ‘सर, ते वचन तयार केलंय, वाचू का?’ आणि खरंच तयार करून जा. बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सुरू कर, सेवकाचा भाग तिथून लागतो.

मास्तर गेले त्याला वीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा लोदला असतो. लोद म्हणजेच ते जेरोमच्या विद्वानाचं लुद्द. घरात अजून मराठी बोलतात. पत्ता आईनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. सुट्टीच्या दिवशी जा, पण शुक्रवारी दुपारनंतर नको, त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागतो. मलिदा, म्हणजे बेने इस्राएलांचा आभारप्रार्थनेचा विधी, असेल तर पोहे-खोबऱ्याचं ताट पुढं येईल, नाही म्हणू नकोस. मास्तरांच्या हातची हिब्रू क्रियापदांची वही माझ्याकडे आहे, शाईचे डाग मात्र माझे. तू नाताळला आलीस की ती तुझ्याकडे देईन. ती त्यांच्या मुलाच्या हातात दे.

तुझे,
पप्पा