जखमेचे दिवस हजेरीत धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरातल्या एका कापड कारखान्यात बावीस वर्षं पगार कारकून होतो. निवृत्त झालो तरी गल्लीतली माणसं अजून फॉर्म भरायला माझ्याच ओट्यावर येतात. पीएफ, विडी कामगारांची पेन्शन, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, जे असेल ते. परवा आला तो आमच्या मागच्या गल्लीतला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. कागदांची पिशवी त्याने डाव्या हाताने उघडली, कारण उजव्या हाताची दोन बोटं एप्रिलमध्ये मागाच्या गिअरमध्ये गेली.

म्हणाला, "काका, बेकारीचा भत्ता मागाय गेलो तर म्हणालेत, तुला बोटाचे पैसे मिळायलेत की, मग बेकारीचं कसं मिळतंय? दोन दोन कुठं असतंय का?"

असतंय. हे मी सगळ्यांसाठी लिहितो, कारण ही समजूत मालकांच्या ऑफिसपासून चहाच्या टपरीपर्यंत पसरली आहे आणि त्यापायी लोक अर्जच करत नाहीत. १ जुलै २०१८ पासून ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली की सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. सुरुवातीला हा दर २५ टक्के होता, करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, तो ५० झाला. मुदत संपत आली की पुढे ढकलतात, तशी ती चालू आहे. अर्ज नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी करता येतो आणि त्यासाठी मालकाच्या पाया पडावं लागत नाही, कामगाराला स्वतःला करता येतो.

आता बोटांचं. ईएसआयमध्ये जखमेचे पैसे दोन तऱ्हेचे आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. जखम बरी होईपर्यंत कामावर जाता येत नाही, तेवढ्या दिवसांचे मिळतात ते तात्पुरत्या अपंगत्वाचे, सरासरी रोजाच्या ९० टक्के. ऑफिसात त्याला टीडीबी म्हणतात. हे पैसे आणि बेकारीचा भत्ता एकाच दिवसासाठी मिळत नाहीत. ते मला पटतं, अंथरुणावर असलेला माणूस काम शोधत नसतो. पण जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड बसतं, कमाईची ताकद किती गेली ते ठरवतं आणि मग आयुष्यभर मिळते ती कायमच्या अपंगत्वाची रक्कम, पीडीबी. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या तक्त्यात २० टक्के लिहिलेत. रोजाची सरासरी ४०० धरा, त्याचे ९० टक्के ३६०, त्याचे २० टक्के म्हणजे दिवसाला ७२ रुपये. ही रक्कम बेकारीच्या काळातही चालूच राहते, असं त्या योजनेतच लिहिलेलं आहे. ७२ रुपये गेलेल्या बोटांचे आहेत, गेलेल्या नोकरीचे नाहीत.

मी त्याला हे समजावलं, योजनेचा कागद छापून दिला, तो पुन्हा गेला. आणि दुसऱ्या भिंतीवर आपटून परत आला. ही भिंत मात्र खरी आहे आणि तिच्यासाठीच हे पत्र.

भत्ता मिळायला दोन वर्षांची विमापात्र नोकरी लागते. शिवाय नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. (त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही ७८ लागतात, ते याच्याकडे आहेत.) ईएसआयच्या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. याची बोटं गेली १६ एप्रिलला. टीडीबी चालली १२ सप्टेंबरपर्यंत. १३ तारखेला तो कामावर हजर झाला, मालकाने मागावर न घेता गेटवर बसवलं आणि ३ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. टीडीबी चालू असताना कामावरून काढता येत नाही, ती संपल्यावर तीन आठवडे थांबलं की झालं. मालक लोकांना हे बरोबर कळतं.

आता त्याची सहामाही मोजा. एप्रिलचे पंधरा दिवस, सप्टेंबरचे अठरा. तेहतीस. मधले पाच महिने तो घरी होता, पगार नव्हता, पगार नाही म्हणून वर्गणी नाही आणि वर्गणी नाही म्हणून ते दिवस ७८ मध्ये येत नाहीत. त्याला काढलं त्याच दिवशी त्याच्याबरोबर कांडी खात्यातल्या, म्हणजे सुताच्या कांड्या भरणाऱ्या, दोघांना काढलं. त्यांची दहाही बोटं जागेवर आहेत, हजेरी पूर्ण आहे, भत्ता मिळेल. मिळावाच, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मागावर हात गेला त्यालाच मिळत नाही, हा कुठला हिशेब?

समजा मार्चपर्यंत ठेवून मग काढलं असतं आणि ७८ भरले असते, तरी मार बसलाच असता. भत्त्याची सरासरी काढताना चार सहामाह्यांची एकूण कमाई घेतात आणि तिला ७३० ने भागतात. १२,००० पगारावर चोवीस महिने पूर्ण भरले तर निम्मा रोज १९७ रुपये येतो. पाच महिने जखमेत गेले तर कमाई एकोणीस महिन्यांची, भागायचे मात्र ७३० नेच. येतात १५६. नव्वद दिवसांत सुमारे ३,७०० रुपये कमी. आमच्या गल्लीत हे दीड महिन्याचं घरभाडं आहे.

जखमेचे दिवस हजेरीत धरण्यात काही नवीन नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत चाललेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कामावरच्या अपघातामुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचे दिवस काम केल्याचे दिवस म्हणून धरले होते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवस मोजतानाही तसंच होतं. पगार कारकून म्हणून मी स्वतः हे दिवस कित्येकांच्या ग्रॅच्युइटीत धरलेत. मग ईएसआय, जी जखमेचे पैसे स्वतःच देते, जिच्या दप्तरात त्या प्रत्येक दिवसाची नोंद आहे, तिला ७८ मोजताना ते दिवस का दिसू नयेत? टीडीबीचे दिवस वर्गणीचे दिवस मानावेत आणि ७३० मधून ते वजा करावेत. दोन ओळींची दुरुस्ती आहे. आपल्या खासदारांनी ती दिल्लीत मागावी.

ईएसआयची दुसरी जुनी योजना आहे, २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. तिच्यात कारखाना बंद पडला, रीतसर कपात झाली किंवा कामाबाहेरच्या इजेने ४० टक्क्यांहून कमी नाही असं कायमचं अपंगत्व आलं, तर भत्ता मिळतो. म्हणजे रस्त्यावर पडून हात गेला तर त्या हाताच्या जोरावर अर्ज करता येतो, मागावर गेला तर नाही. मी हे कलम तीनदा वाचलं.

ज्यांच्या कारखान्यात दहा माणसंही कागदावर नाहीत, त्यांना यातलं काहीच नाही. त्यांच्यासाठी १९२३ चा भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला; एकरकमी पैसे, तेही मालकाशी भांडून. बेकारीचा भत्ता तिथे नाहीच.

कामगारांना एक सांगतो. कामावरून काढताना मालक राजीनाम्यावर सही मागतो, "हिशेब लगेच करतो" म्हणतो. करू नका. स्वतःहून काम सोडलं अशी नोंद झाली की भत्त्याचा दावा तिथेच अडतो. या जॉबरने सही केली नाही, उजव्या हाताने पेन धरता येत नाही म्हणून की काय, पण केली नाही.

त्याचा अर्ज तोंडी नाकारला होता. मी त्याला लेखी उत्तर मागायला लावलं आहे. ते आलं की त्यात काय लिहिलंय ते आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त पगार कारकून, सोलापूर